घर हलवणारी कंपनी: सामान नीट पोचलं, पैशांचं मात्र ऐका

डोंबिवलीतली, टिळकनगरची आमची इमारत पुनर्विकासाला गेली. बिल्डरने भाडं आणि सामान हलवायचे एकरकमी पैसे दिले. नवी इमारत उभी राहीपर्यंत लेकीजवळ राहू म्हणून आम्ही दोघांनी पुण्यात, वारज्याला, भाड्याने जागा घेतली. लग्नापासून साठलेला संसार एका टेम्पोत घालून इथे आणणाऱ्या पॅकर्स अँड मूव्हर्स कंपनीबद्दल हे लिहिते आहे. कंपनीचं नाव देत नाही. आमच्या इमारतीतली बाकीची बिऱ्हाडं निरनिराळ्या कंपन्यांनी हलवली, आणि नंतर फोनवर बोलताना प्रत्येकाची तक्रार तीच निघाली, फक्त रक्कम कमीजास्त. नाव लिहिलं तर वाचणारा ते नाव टाळून दुसरीकडे फोन करेल आणि तिथेही त्याला हेच भेटेल.

आधी कामाबद्दल, कारण काम चांगलं केलं. डोंबिवलीला मुकादम धरून पाच माणसं आली, ती सांगितलेल्या वेळी. भांडी आधी कागदात, मग बबल रॅपमध्ये. काचेच्या बश्या आडव्या एकावर एक न रचता उभ्या लावल्या; आडव्या रचलेल्या बश्या रस्त्यातल्या खड्ड्याला जास्त फुटतात, असं त्यातल्या एकाने मला समजावूनही सांगितलं. खोक्यांवर आकडा आणि खोलीचं नाव. यादीच्या दोन प्रती, दोन्हींवर दोघांच्या सह्या. फ्रिज आदल्या रात्री रिकामा करून बंद करून ठेवा, असा फोन आधीच आला होता. गाडीत तो उभाच ठेवला आणि इथे पोचल्यावर काही तास चालू करू नका, हे न विचारता बजावलं. वॉशिंग मशिनच्या मागे घालायचे ते लांब बोल्ट त्यांनी मागितले. मशिन घरात पहिल्यांदा बसवताना ते काढतात आणि मग कुणालाच त्यांची आठवण राहत नाही, पण घातले नाहीत तर वाटेत आतला ड्रम हेलकावे खातो. आमच्या ह्यांनी ते बिस्किटांच्या डब्यातून काढून दिले, तेव्हा मुकादमाने ह्यांना नमस्कार केला. म्हणाला, हे बोल्ट जपून ठेवणारं घर क्वचित भेटतं.

एकही खोकं हरवलं नाही. फोडणीच्या डब्यातली मोहरीसुद्धा सांडली नाही. शोकेसची एक काच तडकली, तिचं पुढे सांगते.

आता पैसे.

सर्व्हे व्हिडिओ कॉलवर झाला. पोरगा चुणचुणीत होता. खोली खोली फिरवायला लावली, पलंगाखालचं दाखवा म्हणाला, माळ्यावर काय आहे विचारलं. संध्याकाळी मेलवर कोटेशन आलं: १८,५०० रुपये, त्यावर १८ टक्क्यांनी ३,३३० जीएसटी, एकूण २१,८३०. त्यात पॅकिंग, चढवणं, गाडी, टोल, उतरवणं, पलंग खोलून परत जोडणं हे सगळं आलं. डोंबिवलीत तिसरा मजला लिफ्टशिवाय, वारज्यात अकरावा मजला सर्व्हिस लिफ्टसह, हेही लिहिलेलं. एसी काढणं-बसवणं वेगळं. मी सहकारी बँकेत कॅश काउंटरला बसून निवृत्त झालेली बाई. कागद दोनदा वाचते. जीएसटी क्रमांक २७ने सुरू होतो का (तो महाराष्ट्राचा आकडा) आणि सरकारी पोर्टलवर टाकल्यावर ह्याच कंपनीचं नाव येतं का, तेही बघितलं. दोन्ही बरोबर निघालं. मग फोन करून पोराला विचारलं, "माणसांना वरून काही द्यावं लागतं का? लागत असेल तर आत्ताच आकडा सांगा, मी तेवढं धरून चालते."

"छे छे मॅडम, ते सगळं तुमच्या खुशीवर."

पुढे जे झालं त्याला हे उत्तर कारण आहे, असं माझं मत आहे. माझ्या खुशीवर असेल तर शून्यही चालायला हवं. ते चालत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. कंपनीने मजुरीचा एक तुकडा कोटेशनच्या बाहेर काढून ठेवला होता, म्हणजे कागदावरचा आकडा दुसऱ्या कंपन्यांपेक्षा कमी दिसतो. तो तुकडा गिऱ्हाइकाकडून वसूल करायचं ओशाळवाणं काम त्यांनी आपल्या सगळ्यात गरीब माणसांवर टाकलं होतं.

पहिली मागणी लोखंडी कपाटावरून आली. कपाट सासऱ्यांच्या वेळचं, दोन दारांचं, आरसा असलेलं. ते वर कसं आणलं होतं, हे सांगणारं आता घरात कुणी नाही. मुकादमाने जिन्याच्या वळणावर टेप धरून बघितलं आणि वर येऊन म्हणाला, "काकू, हे जिन्यातून फिरणार नाही. गॅलरीचं ग्रिल खोलून दोरीने खाली सोडावं लागेल. त्याचे सहाशे वेगळे होतील. नको असेल तर दारं काढून जिन्यातून बघतो, पण पत्रा चेपला तर मला बोलायचं नाही." मी ऑफिसला फोन लावला. सर्व्हेच्या पोराने पलंगाखालचं विचारलं, जिन्याचं विचारलं नव्हतं. दोरीचं काम कोटेशनमध्ये नाही, हे ऑफिसनेही सांगितलं. मी हो म्हटलं. कपाट अर्ध्या तासात खाली, आरशासकट. खाली बघे जमले होते. आमच्या पुनर्विकासाला शेवटपर्यंत विरोध करणारे तळमजल्यावरचे आजोबाही दोरी कशी धरावी ह्याच्या सूचना देत होते. सहाशे मी मुकादमाच्या हातात ठेवले आणि यादीच्या समासात "कपाट दोरीने, ६०० रोख" असं लिहून त्याची सही घेतली. तो हसला, पण सही केली.

दिवसभरातल्या सगळ्या मागण्यांपैकी ही एकच मला पूर्ण पटली. काम दाखवलं, आकडा सांगितला, नाही म्हणायची सोय ठेवली, आणि हे सगळं ओझ्याला हात लावायच्या आधी.

इथे थोडं घरचं सांगते, म्हणजे मी कुठून बोलते आहे ते कळेल. माझे वडील मशीद बंदरच्या किराणा बाजारात माथाडी होते, सातारा जिल्ह्यातून आलेले. बाजार वाशीला गेला, तसे आम्हीही कोपरखैरण्याला, माथाडींच्या वसाहतीत राहायला गेलो. गोणी पाठीवर घ्यायच्या आधी दर ठरवायचा आणि गोणी पाठीवर आली की दराचा विषय काढायचा नाही, हा त्यांच्या टोळीचा रिवाज. अण्णासाहेब पाटलांनी माथाडींची संघटना बांधली, १९६९ साली माथाडी कायदा झाला, मग बोर्डं आली. व्यापाऱ्याने मजुरी बोर्डात भरायची, वर लेव्ही, म्हणजे मजुरीवर ठरावीक टक्के रक्कम, भरायची, आणि त्यातून हमालाला फंड, ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे मिळायचे. त्याआधी संध्याकाळी व्यापाऱ्याच्या गादीसमोर उभं राहून तो देईल ते घ्यावं लागे, हे वडिलांनी त्यांच्या आधीच्या हमालांकडून ऐकलेलं. मी वडिलांना बक्षिसी मागताना कधी बघितलं नाही. ते फार मानी होते म्हणून नव्हे. त्यांना मागायची वेळच येत नव्हती. त्यामुळे ओझं वाहणाऱ्याने पैसे मागितले म्हणून माझं डोकं फिरत नाही. तो कधी मागतो, कशाचे मागतो आणि नाही म्हटलं तर काय करतो, एवढं मी बघते.

जेवणाचं पटकन सांगून टाकते. सकाळी मी पोहे आणि चहा दिला. दुपारी मुकादम म्हणाला, जेवणाचे पाचशे द्या, आम्ही खाली खाऊन येतो. मी पोळी-भाजी सांगून ठेवली होती, ती दिली. दोघांचा चेहरा उतरला, तिघे पोटभर जेवले. डबा मागवायच्या आधी त्यांना विचारलं असतं तर बरं, असं आमचे हे म्हणतात. मला नाही वाटत. कामाच्या दिवशी घरात आलेल्या माणसाला जेवू घालणं आमच्या घरात होतंच. ते रोखीत देण्याची चाल नव्हती आणि मी ती सुरू करणार नाही.

गाडी निघाली आणि आम्ही दोघं जावयाच्या गाडीतून पुढे आलो. खालापूरच्या अलीकडे असताना ड्रायव्हरचा फोन. "मॅडम, टोलचे बाराशे गूगल पे करा, मी नाक्यावर उभा आहे."

मी त्याला तीन गोष्टी विचारल्या. एक्सप्रेस वेवर आता फास्टॅग सक्तीचा आहे, मग रोख कशाला? छोट्या मालवाहू गाडीचा कळंबोलीपासूनचा पूर्ण टोल ४९५ रुपये असताना बाराशे कुठून आले? आणि कोटेशनमध्ये टोल धरलेला असताना माझ्याकडून का? तो म्हणाला, "बरं, बघतो," आणि फोन ठेवला. थोड्या वेळाने परत फोन: पुढे चेकिंग लागलं तर घरगुती सामानाचं ई-वे बिल (मालवाहतुकीचा ऑनलाइन काढायचा कागद) नाही, पोलिसांना काहीतरी द्यावं लागेल. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागतच नाही, नियमात तशी सूट आहे. यादी, कोटेशन आणि बिल्टी (वाहतुकीची पावती) गाडीत आहे, ती दाखवायची. मी एवढं सांगितलं आणि परत फोन आला नाही. टोल नाका पार झाला, पोलिसांनीही अडवलं नाही.

हे मागणं मला सगळ्यात हलकं वाटलं, आणि ते रकमेमुळे नाही. ह्यात मागणाऱ्याने माझ्यासाठी काहीही केलेलं नव्हतं. ज्याला नियम माहीत नाहीत त्याच्याकडून वसूल होणारा हा पैसा. माझ्याजागी माझ्या सासूबाई असत्या तर त्यांनी घाबरून दिला असता आणि वर "सांभाळून ये हो बाळा" म्हणाल्या असत्या.

घाटात कुठेतरी ट्रक बंद पडला होता. चारला येणारी गाडी सातच्या सुमारास सोसायटीच्या गेटवर आली. उतरवायला डोंबिवलीची माणसं नव्हती. कंपनीने पुण्यातली वेगळी टोळी ठरवली होती, मजूर अड्ड्यावरून गोळा केलेली पाच पोरं. ती साडेतीनपासून सोसायटीबाहेर टपरीवर बसलेली. सोसायटीचा नियम असा की सामानाची लिफ्ट रात्री आठनंतर बंद. वर आभाळ भरून आलेलं. ह्या मुहूर्तावर पोरांचा म्होरक्या पुढे आला: "आंटी, ग्यारहवां माला है, दो हजार एक्स्ट्रा लगेगा. पहले बोल दो, फिर गाडी खोलेंगे."

सामान गाडीत, गाडीला कुलूप, किल्ली ड्रायव्हरच्या खिशात आणि ड्रायव्हर टपरीकडे तोंड करून उभा. टोलच्या फोनानंतर त्याची माझी नजरानजर झाली नव्हती, ती इथेही झाली नाही.

मी कोटेशनची छापील प्रत पर्समध्ये ठेवली होती. अकरावा मजला, सर्व्हिस लिफ्ट, असं लिहिलेलं त्याला दाखवलं. तो म्हणाला, वो ऑफिस का है, हमको किसी ने नहीं बताया. मी कंपनीच्या सुपरवायझरला फोन लावून स्पीकरवर ठेवला. सुपरवायझर आधी मला म्हणाला, "ताई, थोडं ॲडजस्ट करा ना, पोरं थांबलीत." मी म्हटलं, थांबलीत ती तुमच्या गाडीमुळे, त्यांचे पैसे तुम्ही द्या. गाडी दहा मिनिटांत उघडली नाही तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ला, तक्रार नोंदवते, आणि राहिलेले पैसे बिल हातात येईपर्यंत माझ्याकडेच. निम्मी रक्कम द्यायची होती, ती माझ्या खात्यात होती. ह्या धंद्यात गिऱ्हाइकाच्या हातात एवढंच असतं. पूर्ण पैसे आगाऊ मागणाऱ्या कंपनीला म्हणूनच मी आधी नाही म्हटलं होतं.

सुपरवायझर त्या म्होरक्याशी हिंदीत काहीतरी बोलला. गाडी उघडली. वॉचमन भला माणूस, त्याने लिफ्ट अर्धा तास जास्त चालू ठेवली. पावसाचे थेंब पडायला लागले तेव्हा गाद्या वर पोचल्या होत्या.

पलंग जोडताना मी त्या म्होरक्याशी बोलले. तेव्हा त्याला कसली घाई नव्हती. त्यांना गाडीमागे ठरलेली रक्कम मिळते, ती पाच जणांत वाटायची. गाडी चारला आली काय आणि नऊला आली काय, रक्कम तीच. थांबलेल्या तासांचे पैसे नाहीत, संध्याकाळचं दुसरं काम बुडलं ते वेगळं. मग ते पैसे कुणाकडे मागायचे? ठेकेदार फोन उचलत नाही. कंपनीचं ऑफिस ह्यांनी बघितलेलं नाही. समोर दिसतं ते गिऱ्हाईक. माझ्या मते त्याचं येणं खरं होतं. फक्त देणेकरी चुकीचा होता, आणि सामान अडवून मागणं हा त्याहून मोठा गुन्हा होता. त्याला मी दोन्ही सांगितलं. पहिलं त्याला पटलं. दुसऱ्यावर तो म्हणाला, "आंटी, सामान उतर गया तो फिर कौन देता है?"

ह्याला माझ्याकडे सरळ उत्तर नाही. माझे वडील सामान उतरल्यावर आपल्या पैशांबद्दल निश्चिंत असत, कारण मागे बोर्ड होतं. ह्या पोरांच्या मागे टपरीवाला होता, त्यांच्या उधारीची वही घेऊन.

काम संपलं. खोकी मोजून झाली, यादीवर सह्या झाल्या, आणि पाचही जण दारात ओळीने उभे राहिले. ह्या उभं राहण्याची मला मनापासून चीड आहे. तोंडाने कुणी काही बोलत नाही, नजरा मात्र तुमच्या पाकिटाकडे. त्यात ड्रायव्हरने मोबाइल पुढे केला, त्यावर कंपनीचं पान उघडलेलं: "मॅडम, पाच स्टार टाका, आणि पोरांना चहापाणी." स्टार आणि पैसे एकाच दमात मागितले की दोन्हींची किंमत जाते. स्टार मी नंतर सावकाश देईन म्हणून सांगितलं. पोरांना प्रत्येकी दोनशे दिले, प्रत्येकाच्या हातात. मुकादमाकडे किंवा म्होरक्याकडे एकत्र रक्कम दिली की सगळ्यात लहान पोराच्या वाट्याला चिल्लर येते, हे बँकेत दिवाळीच्या पोस्तीचे पैसे शिपायांत वाटले जायचे तेव्हा बघितलं आहे. सगळ्यात लहान होता त्याने देव्हाऱ्याचं खोकं जमिनीवर न ठेवता ओट्यावर ठेवलं होतं, कुणी न सांगता. त्याला पन्नास जास्त दिले आणि का ते सगळ्यांसमोर सांगितलं. ड्रायव्हरला काही दिलं नाही. का, हे त्याने विचारलं नाही.

हे दोनशे त्यांना मागायला लागले नसते तर मी कदाचित तीनशे दिले असते. माझा हा स्वभाव आहे. दुसऱ्या कुणाचा उलटा असेल. आमचे हे म्हणतात की ओळीने उभे राहिले नसते तर तू दमलेल्या डोक्याने दार लावून घेतलं असतंस. लग्न टिकवायचं असेल तर अशा वाक्यांना उत्तर द्यायचं नसतं.

तासाभराने सुपरवायझरचा फोन. राहिलेले पैसे रोख दिलेत तर जीएसटी वाचेल, बिनबिलाचं करू. तीन हजार तीनशे तीस रुपये सुटतात, मोह पडण्यासारखी रक्कम. पण बिल नाही तर तडकलेल्या काचेची भरपाई कुणाकडे मागणार? मी पूर्ण रक्कम ऑनलाइन भरली, बिल मेलवर घेतलं, काचेचा फोटो आणि यादीतली ओळ पाठवली. काचेचे सातशे त्यांनी आठवड्यात खात्यावर टाकले, वाद न घालता. ह्याबद्दल कंपनीला पूर्ण गुण. कागद असला की ही कंपनी शहाण्यासारखी वागते.

जावई म्हणाला, आई, हल्ली सगळीकडेच असं आहे, ॲपवर रिक्षा मागवली तर गाडी मिळायच्या आधीच टिप विचारतात. ते मीही बघितलं आहे. २०२५च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने उबरला ह्याच आगाऊ टिपेवरून नोटीस काढली होती. मंत्री प्रल्हाद जोशी म्हणाले होते की लवकर सेवा हवी म्हणून आधीच टिप द्यायला लावणं अनैतिक आहे, टिप सेवेनंतर खुशीने द्यायची असते. माझं मत थोडं वेगळं आहे. आधी मागण्याला माझी हरकत नाही. पावसात रिक्षावाल्याला वीस रुपये जास्त हवे असतील तर त्याने ते आधी सांगावेत, मी घेईन किंवा चालत जाईन. पण त्याला टिप म्हणू नये, भाडं म्हणावं आणि पावतीत दाखवावं. जो जास्त देईल त्याची गाडी आधी, असा लिलाव मांडायचा आणि वर त्याला गोड नाव द्यायचं, ही लबाडी आहे. हॉटेलांच्या सर्व्हिस चार्जचंही तेच. २०२२च्या जुलैत प्राधिकरणाने सांगितलं की तो बिलात आपोआप लावायचा नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या, आणि २०२५च्या मार्चमध्ये दिल्ली हायकोर्टाने प्राधिकरणाची बाजू उचलून धरली. वेटरला पगार जास्त द्यायचा असेल तर थाळीचा दर वाढवा की. मी वाढलेला दर वाचून आत जायचं की नाही ते ठरवीन. जेवून झाल्यावर मला दयाळूपणाची परीक्षा द्यायला लावू नका.

ज्यांना नजीकच्या काळात घर हलवायचं आहे त्यांच्यासाठी मी काय करीन ते सांगते. सर्व्हेच्या पोराला जिना, लिफ्टचं दार आणि सगळ्यात अवजड वस्तू ह्या तिन्ही गोष्टी आपणहून दाखवीन. उतरवणारी माणसं चढवणारीच असतील की वेगळी, हे लिहून घेईन. गाडीला उशीर झाला तर उतरवणाऱ्यांच्या थांबण्याचे पैसे कोण देणार, हेही. त्याचे पाच-सातशे कोटेशनमध्येच वाढवून मागितले तर आनंदाने देईन. निम्मे पैसे हातात राखीन. आणि सुटे पैसे आधी काढून ठेवीन, कारण रात्री नऊ वाजता पाच माणसं दारात उभी असताना पाचशेच्या नोटांचे सुटे कुणी देत नाही.

कंपनीच्या पानावर मी हेच थोडक्यात लिहिलं. साडेतीन तारे द्यायचे होते, अर्धा देता येत नाही म्हणून तीन दिले. दुसऱ्या दिवशी मॅनेजरचा फोन आला. अतिशय नम्र. मॅडम, तुमचं सगळं खरं आहे, आम्ही सुधारणा करतोय, पण रेटिंगवर आमचा धंदा चालतो. पाच केलेत तर पुढच्या शिफ्टिंगसाठी पाचशे रुपयांचं व्हाउचर पाठवतो. मी म्हटलं, ते पाचशे वारज्याच्या त्या पाच पोरांना थांबल्याबद्दल द्या, दिल्याची पावती मला पाठवा, चौथा तारा मी त्याच दिवशी टाकते. तो म्हणाला, वर विचारून कळवतो. त्याला महिना होत आला, वरून अजून काही कळलेलं नाही.